प्रसूतिकक्षाच्या दाराआड

रुग्णालयात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण हा आकडा सरकारी अहवालांतून अलीकडे मोठ्या अभिमानाने मिरविला जातो, आणि तो अभिमान सर्वस्वी पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. १९९२-९३ साली पहिले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले तेव्हा देशातील चार बाळंतपणांपैकी जेमतेम एक दवाखान्यात होत असे. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात हे प्रमाण शेकडा ८८.६ झाले, महाराष्ट्रात ते शेकडा ९४.७ भरले. २०१८ ते २०२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ नोंदले गेले. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असे म्हणण्याची रीत ज्या समाजात अनुभवातून पडली होती, त्या समाजात हे थोडे काम नव्हे. गावोगाव पायपीट करणाऱ्या आशा कार्यकर्त्या, उपकेंद्रावर एकटीने राहणाऱ्या परिचारिका आणि वेळी-अवेळी गाडी काढणारे रुग्णवाहिकांचे चालक यांच्या श्रमांतून ते उभे राहिले आहे. मंत्र्यांच्या भाषणांत या श्रमांचा उल्लेख क्वचितच होतो, ही गोष्ट वेगळी.

परंतु या आकड्यात एक गोष्ट मोजलेली नाही. रुग्णालयाच्या दारातून आत गेलेल्या बाईला तेथे कसे वागविले गेले, तिच्याशी कोण काय बोलले, तिच्या शरीरावर जे जे केले ते तिला विचारून केले की न विचारता, हे कोणत्याही रकान्यात लिहिले जात नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली की शासनाचा हिशेब पुरा होतो. खेदाची गोष्ट ही की समाजवादी चळवळीनेही हाच हिशेब आपला मानला. आरोग्य केंद्र द्या, डॉक्टर द्या, रुग्णवाहिका द्या, औषधे द्या, या मागण्यांसाठी कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले, तुरुंगवास पत्करला. त्या मागण्या रास्तच होत्या आणि आजही आहेत. पण ‘प्रसूतिकक्षात बाईवर हात उगारू नका’ असे एक वाक्य आजवरच्या किती निवेदनांत सापडेल? ते सापडत नाही याचे कारण असे की निवेदने लिहिणारे बहुधा पुरुष असतात आणि प्रसूतिकक्षाचे दार त्यांच्यासाठी बंद असते. आणि ज्या बाया त्या दारातून बाहेर येतात त्यांना, जे झाले ते सांगण्याजोगे नाही, अशी शिकवण लहानपणापासून मिळालेली असते.

एखाद्या गर्दीच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणासाठी आलेल्या शेतमजूर बाईचा अनुभव क्रमाने पाहावा. केसपेपर निघतो. सोबत आलेली आई किंवा सासू, आणि गावापासून बरोबर आलेली आशा, या दोघींना दाराशीच थांबविले जाते. आयुष्यात प्रथमच बाई अशा जागी येते की जेथे तिच्या ओळखीचे एकही माणूस नाही. आणि तीही नेमक्या अशा घटकेला, की जेव्हा घरी असती तर चार बायांनी तिला धरले असते. लुगडे उतरविले जाते. पांघरण्यास काही मिळेलच असे नाही. टेबलांमध्ये पडदा असतो किंवा नसतो. कळा सुरू असताना तिची तपासणी एकजण करतो, मग दुसरा, मग तिसरा. आणि ते शिकाऊ डॉक्टरांचे रुग्णालय असेल तर आणखी काही जण. कोण तपासतो आहे, कशासाठी, किती उघडले आहे, अजून किती वेळ, हे तिला कोणी सांगत नाही. सलाईनमधून कळांचे औषध सुरू होते तेव्हाही ते सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही. घोटभर पाणी मागितले तर नाही म्हणतात. उठून चार पावले चालावेसे वाटले तरी नाही म्हणतात. पाठीवर उताणे निजायचे, पाय वर बांधून घ्यायचे आणि ओरडायचे नाही.

ओरडले तर काय ऐकावे लागते, हे महाराष्ट्रातील लक्षावधी बायांना ठाऊक आहे. नवऱ्यापाशी निजताना ओरडली नाहीस, मग आता कशाला ओरडतेस, अशा आशयाचे ते बोलणे असते. भाषा प्रांताप्रांतांत बदलते, वाक्य बदलत नाही. उत्तर प्रदेशातील रुग्णालयात आणि विदर्भातील रुग्णालयात तेच ऐकू येते. या एका वाक्याचा विचार जितका करावा तितका थोडा आहे. त्यात गरीब बाईच्या देहाविषयीची घृणा आहे, तिच्या सुखाविषयीचा मत्सर आहे, आणि बाळंतपणाच्या वेदना ही कोणत्यातरी पापाची शिक्षा आहे ही पुरातन समजूतही आहे. धर्मग्रंथांतून स्त्रीला दूषण देणाऱ्यांवर समाजवाद्यांनी पुष्कळ टीका केली. तेच दूषण रोज, सरकारी पगारात, सरकारी छताखाली दिले जाते, याची दखल मात्र घेतली गेली नाही.

शब्दांपाशी गोष्ट थांबत नाही. मांडीवर चापट बसते. बाळ लवकर यावे म्हणून पोटावर कोपराने जोर देऊन दाबले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बाळंतपणातील उपचारांविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत असे दाबणे योग्य नाही असे स्पष्ट म्हटले आहे. सरसकट चीर देण्याची चाल सोडावी, बाईला तिला सोसेल त्या स्थितीत बसू-उठू द्यावे, धोका नसेल तर खाऊ-पिऊ द्यावे, आणि तिच्या पसंतीचे माणूस तिच्याजवळ असू द्यावे, हेही त्यांत आहे. म्हणजे आपल्याकडील सुईण उकिडवे बसवून, पाठ चोळून जे करीत असे, त्यातील बरेचसे शास्त्रसंमत ठरले. सुईणीचे सगळेच बरोबर होते असा याचा अर्थ नाही. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने गेलेली बाळे आणि रक्तस्राव थांबविता न आल्याने गेलेल्या आया विसरता येणार नाहीत, आणि जुन्या चालीरीतींचे गोडवे गाणाऱ्यांच्या पंक्तीला बसण्याचे पुरोगाम्यांना काही कारण नाही. पण सुईण बाईशी बोलत असे. आणि बोलण्यासाठी कसलेही यंत्र लागत नाही.

टाके घालताना भूल पुरेशी चढली आहे की नाही हे पाहिले जातेच असे नाही. बाळ जन्मले की ते बाईला दाखवून ‘काय झाले ते मोठ्याने सांग’ असे तिच्याकडून वदवून घेण्याची पद्धत आहे. अदलाबदलीचा आरोप येऊ नये म्हणून ही दक्षता. पण मुलीची वाट कोणी पाहत नसलेल्या घरातून आलेल्या बाईला ते उत्तर कसे द्यावे लागत असेल! दाराबाहेर बाळ दाखविताना पेढ्यांचे पैसे मागितले जातात, आणि मुलगा असेल तर त्यांचा भाव वाढतो. शासनाने लेकीच्या जन्माचे स्वागत करणाऱ्या घोषणा भिंतीवर रंगवाव्यात आणि त्याच भिंतीपलीकडे हा दर चालावा! तांबी बसविली गेली आहे हे काही बायांना घरी गेल्यावर, पोट दुखू लागल्यावर, कळते. तिसरे बाळंतपण असेल तर शस्त्रक्रियेला रुकार दिल्याखेरीज नीट बोलायचे नाही, असाही प्रकार आढळतो. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीविरुद्ध जी चळवळ तुरुंगातूनही बोलली, तिला बाळंतिणीच्या खाटेवरची ही सक्ती परकी वाटण्याचे कारण नाही.

सर्वच ठिकाणी असे घडते असे म्हणणे अन्यायाचे होईल. रात्रभर एका बाईची पाठ चोळीत बसलेल्या, स्वतःच्या डब्यातील पोळी बाळंतिणीला देणाऱ्या परिचारिका याच रुग्णालयांत आहेत, आणि त्यांची नावे बायांना वीस-वीस वर्षे आठवतात. कोठे बाळंतपण चांगले झाले असे एखादी बाई सांगते तेव्हा ती इमारतीची वा यंत्रांची गोष्ट सांगत नाही. ‘सिस्टर चांगली होती’ एवढेच म्हणते.

मग ही वागणूक येते कोठून? परिचारिका वाईट, डॉक्टर निर्दय, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु समाजवादी विचारसरणीच्या माणसाला तेवढ्यावर थांबता येत नाही. रात्रपाळीला एक परिचारिका आणि एकाच वेळी कळा देणाऱ्या सहा-सात बाया, अशी स्थिती असेल तर तिच्या हातून सहानुभूती आधी गळून पडते, कारण काम तर टाकता येत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियान २००५ साली ग्रामीण भागासाठी सुरू झाले, आणि तेव्हापासून कंत्राटी नेमणुकांचा जो पायंडा पडला तो मोडलेला नाही. त्याच वॉर्डात, तेच काम, निम्म्याहून कमी पगारात करणारी कंत्राटी परिचारिका स्वतःच उद्या राहील की नाही या धास्तीत असते. साफसफाईचे काम ठेकेदाराकडे गेलेले. ज्यांना सारे ‘मावशी’ म्हणतात, त्या मावशीला किमान वेतनही पुरते मिळत नाही. तिने पेढ्यांचे पैसे मागितले म्हणून संतापणाऱ्याने ठेकेदाराच्या नफ्याचा आकडाही एकदा विचारावा. रुग्णालयातील उतरंड अशी आहे की वरून येणारा प्रत्येक धक्का खालच्याला बसतो, आणि सर्वांत खाली ती टेबलावर निजलेली बाई असते. तिच्या खाली कोणी नाही.

मात्र हे स्पष्टीकरण पूर्ण नाही, आणि कार्यकर्त्यांनी त्याच्या आड लपू नये. तीच दमलेली परिचारिका, त्याच रात्री, ओळखीच्या शिक्षकाची बायको आली तर ‘अहो ताई’ म्हणते आणि पारध्याची बाई आली तर ‘ए’ म्हणते. कामाचा बोजा दोघींसाठी सारखाच असतो. सर्वनामाचा हा फरक जातीचा आणि वर्गाचा आहे. तो पदे भरल्याने आपोआप जाणार नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर जे शिकतात ते गरिबांच्या शरीरावर शिकतात, आणि त्या शरीरांना विचारण्याची गरज नाही हेही तेथेच शिकतात. पुढे तेच डॉक्टर स्वतःचे रुग्णालय थाटतात आणि पैसे देणाऱ्या बाईला ‘मॅडम’ म्हणतात. यावरून सौजन्य त्यांना येत नाही असे नव्हे, ते विकण्याची वस्तू झाले आहे, एवढेच सिद्ध होते.

येथे खाजगी रुग्णालयांचा विचार करावा लागतो. सरकारी प्रसूतिकक्षातील अपमान हा खाजगी धंद्याचा सर्वांत मोठा दलाल आहे. एकदा तेथे जाऊन आलेली बाई दुसऱ्या खेपेला म्हणते, गळ्यातले गहाण ठेवा पण तेथे नेऊ नका. आणि घरचे खरोखरच गहाण ठेवतात. तिकडे काय होते? पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील खाजगी रुग्णालयांतील बाळंतपणांपैकी शेकडा ४७.४ सिझरने झाली. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण शेकडा १४.३ होते. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात खाजगीचा आकडा ४०.९ होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली शेकडा दहा ते पंधरांहून अधिक सिझरांचे समर्थन करता येत नाही असे म्हटले होते. अडचणीची बाळंतपणे खाजगीकडे जास्त जातात असे समजले तरी, जवळजवळ निम्म्या बायांना निसर्गतः बाळंत होता येत नाही असे मानायला कोणता शास्त्रज्ञ तयार होईल? सिझरने वेळ वाचतो, बिल वाढते, खाट ठरल्या दिवशी रिकामी होते. पोटावर चीर पडलेली शेतमजूर बाई दोन महिन्यांनी वाकून खुरपू लागते तेव्हा तिला काय होते, हा प्रश्न बिलात येत नाही. म्हणजे गरीब बाईपुढे निवड आहे ती अशी: एकीकडे अपमान, दुसरीकडे कर्ज आणि सुरी.

धर्मादाय म्हणविणाऱ्या रुग्णालयांचीही गोष्ट फारशी निराळी नाही. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ अ अ कलमाखाली, आणि उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे, अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावयाच्या आहेत. सवलतीच्या जमिनी, करमाफी, सारे घेऊन झाल्यावर या वीस टक्क्यांचा हिशेब मागणारे कोणी नसते. २०२५ साली पुण्यात अनामत रकमेच्या मागणीवरून एका गर्भवतीच्या मृत्यूचे प्रकरण गाजले, तेव्हा काही आठवडे सर्वांना या योजनेची आठवण झाली. पुढे ती आठवण विरली.

ज्या महाराष्ट्रात हे चालते, त्या महाराष्ट्राचा बाळंतिणीविषयीचा इतिहास मात्र उजळ आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसविल्या गेलेल्या विधवांनी येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, असे आवाहन त्यांनी उघड भिंतींवर लावले. सावित्रीबाई त्या बायांचे बाळंतपण स्वतः करीत. त्यांतील एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. ज्या बाईला सारा समाज दगड मारायला निघाला होता तिला ‘तू काय केलेस’ असे न विचारता आधी अंथरूण देणारे ते घर होते. महाराष्ट्रातील प्रत्येक प्रसूतिकक्षात सावित्रीबाईंचे चित्र लावण्याची टूम निघाली तर आश्चर्य वाटणार नाही. पण त्या घरात बाईशी कसे बोलले जात होते याची चौकशी चित्र लावणारे करतील असे वाटत नाही. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि दहा दिवसांत मूल गेले; त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १८८६ साली अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्राचाच निवडला.

आणि १९२८ साली मुंबई कायदे मंडळात गिरणी कामगार बायांच्या प्रसूती साहाय्याचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी व नंतर बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, आणि बायांच्या श्रमातून नफा मिळविणाऱ्या मालकालाही आपली जबाबदारी झटकता येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ चा मुंबई कायदा हा या देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला, २०१७ साली रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी घेतल्या गेल्या. सव्वीस आठवडे! ऊसतोडणीच्या फडावर, कोयता हाती घेऊन, पोट पुढे आलेले असताना मोळी डोक्यावर उचलणाऱ्या बीडच्या बाईला हा शब्द ऐकविला तर ती हसेल. खाडा झाला तर तिचीच मजुरी कापली जाते. बांधकामावरची, विडी वळणारी, घरकाम करणारी, अशा साऱ्यांची गत तीच. कायदा आहे, तो ज्यांच्यासाठी लागू होतो त्या मूठभर आहेत.

या बायांसाठी संसदेने एक कलम केले होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमात, सरकारी नोकरीत असलेल्या वा अन्य कायद्याखाली तसाच लाभ मिळणाऱ्या सोडून, प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला आहे. ‘प्रत्येक’ हा शब्द तेथे स्पष्ट आहे. प्रत्यक्षात २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली ती पाच हजारांची, तीही पहिल्या अपत्यापुरती, हप्त्याहप्त्याने. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजार देण्याचे ठरले. म्हणजे दुसरा मुलगा झाला की बाईचा हक्क संपतो, आणि तिसरे मूल झाले की ती मुळी आईच राहत नाही! संसदेने दिलेला हक्क परिपत्रकाने कापण्याचे हे उदाहरण आहे. पाच हजारांत एका शेतमजूर बाईला किती दिवस घरी बसता येते याचा हिशेब कोणत्याही कार्यकर्त्याने आपल्या गावच्या मजुरीच्या दराने करून पाहावा.

दूरच्या मुलखात तर प्रश्न दाराआडच्या वागणुकीचा नसून दारापर्यंत पोचण्याचाच आहे. नंदुरबारच्या अक्राणी भागात, मेळघाटात, भामरागडच्या जंगलात, पावसाळ्यात नाले भरले की बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून खांद्यावर आणावे लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात आहे, पण गाडी रस्त्यावरून चालते आणि रस्ता तेथे नाही. अशा बायांनी आधीच येऊन राहावे म्हणून आरोग्य केंद्राशेजारी माहेरघरे बांधण्याची योजना निघाली. नाव सुंदर आहे. परंतु माहेरी गेलेल्या लेकीच्या मागे घरातील दोन लहान पोरे, शेळ्या आणि शेत कोणी पाहायचे? आणि जेथे आपली भाषा कोणी बोलत नाही, आपण बोललो की हसतात, त्याला माहेर कसे म्हणायचे? कोरकू किंवा माडिया बोलणारी एक परिचारिका त्या केंद्रात असेल तर बाया येतात. नसेल तर इमारत रिकामी राहते आणि अहवालात ‘आदिवासींचे अज्ञान’ असे कारण लिहिले जाते.

हक्क कागदावर नाहीत असे मात्र नव्हे. १ जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, सिझरसुद्धा, पूर्णपणे मोफत आहे. औषधे, तपासण्या, रक्त, साध्या बाळंतपणात तीन दिवस व सिझर झाल्यास सात दिवस जेवण, घरून येण्याची, दुसऱ्या रुग्णालयात पाठविल्यास तेथवरची आणि परत घरी सोडण्याची गाडी, हे सारे त्यात येते. २०१६ साली केंद्र सरकारने बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ एक सोबतीण राहू द्यावी असे कळविले. २०१७ च्या अखेरीस ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम निघाला. त्यात प्रसूतिकक्षातील सन्मानपूर्वक वागणूक, आडोसा आणि सोबत या गोष्टी कसोटी म्हणून घातल्या आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली, एका गरीब बाईच्या मृत्यूच्या प्रकरणात, बाळंतपणातील सुरक्षित उपचार हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगून भरपाई देवविली. व्हेनेझुएला या देशाने तर २००७ सालीच बाळंतपणातील असल्या वागणुकीला कायद्यात हिंसा म्हटले. कागद पुष्कळ आहेत. प्रसूतिकक्षाच्या दारापर्यंत ते पोचलेले नाहीत, कारण ते तेथे घेऊन जाणारे कोणी नाही.

येथे एका अवघड प्रश्नाला हात घालावा लागेल. परिचारिका आणि रुग्णालयीन कर्मचारी यांच्या संघटना या चळवळीच्या आप्त आहेत. प्रसूतिकक्षातील वागणुकीविषयी बोलले की त्या म्हणतात, पदे रिकामी ठेवणाऱ्या सरकारला सोडून तुम्ही आमच्यावर कसे घसरता? हा राग खोटा नाही. सरकारी रुग्णालये बदनाम करून ती खाजगी हातात देण्याचा डाव काही राज्यकर्ते खेळतच असतात, आणि अशा टीकेचा ते आयता उपयोग करतील. तरीही गप्प बसणे हा उपाय नव्हे. बाईने ज्या रुग्णालयात मार खाल्ला ते वाचविण्यासाठी ती मोर्चाला येणार नाही. कायम नेमणूक, पुरेशी माणसे, पाळीचे माणुसकीचे तास ही परिचारिकांची मागणी आणि सन्मानाची वागणूक ही बाळंतिणीची मागणी एकाच पत्रकात, एकाच वेळी मांडली गेली तरच दोन्हींना बळ येईल. २०१८ साली केंद्र सरकारने खास प्रसूतिकामासाठी परिचारिका तयार करण्याचे धोरण मांडले, अठरा महिन्यांच्या शिक्षणाचे. त्या परिचारिकांना कायम पदे आणि स्वतःच्या निर्णयाचा अधिकार मिळावा यासाठी संघटनांनी लढावयास हवे. डॉक्टरांच्या हाताखालची मदतनीस म्हणून त्यांना वापरले गेले तर त्या शिक्षणाचा उपयोग होणार नाही.

महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकांची देखरेख आणि जनसुनवाई यांचा प्रयोग झाला. गावच्या बाया अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहून, कोठे पैसे मागितले, कोठे बाहेरून औषध आणायला लावले, हे सांगू लागल्या आणि बऱ्याच जागी ते थांबले. पण त्या सभांतूनही पैशाची गोष्ट जितकी मोकळेपणाने निघाली तितकी चापटीची आणि त्या वाक्याची निघाली नाही. पुरुषांनी भरलेल्या मांडवात ती निघणारही नाही. ती ऐकायची तर पक्षातील महिला कार्यकर्त्यांनी पाणवठ्यावर, बचत गटाच्या बैठकीत, बाळाला लस टोचायला आलेल्या बायांमध्ये बसून ऐकली पाहिजे. गोरेगावच्या पाण्याचा प्रश्न मृणाल गोरे यांनी हंडा घेऊन उभ्या असलेल्या बायांच्या रांगेतूनच उचलला होता.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती आहे आणि तिच्या हाती थोडाफार निधी असतो. अनेक तालुक्यांत पक्षाचे वा मित्रसंघटनांचे लोक त्या समितीवर आहेत. बैठकीत रंगरंगोटी आणि पाण्याच्या टाकीचे ठराव होतात. पुढच्या बैठकीला त्यांनी चार प्रश्न विचारावेत: प्रसूतिकक्षातील टेबलांमध्ये पडदे आहेत काय, सोबतिणीला आत राहू देतात काय, मोफत सेवांचा फलक बाईला वाचता येईल अशा जागी आहे काय, आणि गेल्या महिन्यात बाळंत झालेल्या बायांपैकी कोणाला समितीतील एखाद्या बाईने घरी जाऊन भेटून विचारले काय. पडद्यांना आणि सोबतिणीच्या स्टुलाला लागणारा पैसा त्या निधीतून निघू शकतो. त्यासाठी मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत.